इंजिन तापत असेल तर घरच्या घरी दोष कसा शोधावा

गाडी तापते अशी तक्रार घेऊन सोसायटीतले कोणी माझ्याकडे आले, की बोनेट उघडण्याआधी मी एकच गोष्ट विचारतो: गाडी कधी तापते? सायनच्या सिग्नलला उभी असताना, की बोरघाट चढताना? सकाळी सुरू केल्यापासून पाच मिनिटांत तापमानाचा काटा वर जातो, की मुलुंडहून फोर्टला पोहोचेपर्यंत हळूहळू चढत राहतो? एसी लावल्यावर तापते, की एसी बंद असतानाही? बहुतेकांना हे सांगता येत नाही, कारण काटा लाल पट्ट्याकडे सरकताना दिसला की माणूस घाबरतो आणि बाकी काही टिपून ठेवण्याचे भान राहत नाही. परंतु निम्मे निदान याच उत्तरात असते आणि ते मिळवायला पाना लागत नाही की स्कॅनर लागत नाही.

हे मी स्वतःचे नुकसान सोसून शिकलो. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा काटा एका मे महिन्यात चढू लागला, तेव्हा मी ती गॅरेजमध्ये नेली आणि ‘गाडी तापते’ एवढेच सांगितले. तेथे आधी थर्मोस्टॅट बदलला, मग वॉटर पंप आणि तिसऱ्या फेरीत रेडिएटर. गाडी तापतच राहिली. शेवटी एका रविवारी मी स्वतः पाहिले, तेव्हा फॅनच्या मोटरकडे जाणाऱ्या कनेक्टरमधली एक पिन काळी पडलेली आणि तिच्याभोवतीचे पांढरे प्लास्टिक वितळून तपकिरी झालेले दिसले. गाडी फक्त उभी असताना तापते, चालू लागली की काटा उतरतो, हे मी पहिल्याच दिवशी नीट सांगितले असते तर काढून टाकलेले तिन्ही चांगले भाग वाचले असते. म्हणूनच पुढची सगळी पद्धत मी ‘कधी’ या प्रश्नाभोवती मांडली आहे.

त्याआधी ही व्यवस्था कशी चालते ते थोडक्यात पाहू. इंजिनच्या आतल्या पोकळ्यांमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) फिरते, उष्णता उचलते आणि पुढच्या बाजूच्या रेडिएटरमध्ये जाऊन ती हवेला देते. त्याला फिरवण्याचे काम वॉटर पंप करतो. इंजिन थंड असताना कूलंटने रेडिएटरकडे जाऊ नये म्हणून थर्मोस्टॅट नावाची मेणावर चालणारी झडप वाट अडवून धरते आणि साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला ती उघडू लागते. वेगात असलेल्या गाडीला समोरून हवा मिळते. उभ्या गाडीला ती मिळत नाही, म्हणून विजेवर चालणारा फॅन असतो. बहुतेक गाड्यांचे कूलंट ८५ ते १०५ अंशांच्या दरम्यान राहते आणि तेवढे तापमान इंजिनला हवेच असते. राहिले रेडिएटरचे झाकण. प्रेशर कुकरच्या शिट्टीप्रमाणे ते आत दाब धरून ठेवते, त्यामुळे आतल्या द्रवाचा उत्कलनबिंदू वाढतो. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. पाणी आणि ग्लायकॉल (कूलंटमधले रसायन) यांचे निम्मे-निम्मे मिश्रण १.१ बार दाबाच्या झाकणाखाली १२५ अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर सुटले की हा सगळा फायदा जातो आणि बाकी सारे भाग धडधाकट असूनही जास्तीचे कूलंट साठवणाऱ्या बाटलीत उकळी फुटते.

हीच गोष्ट धोक्याचीही आहे. दाबाखालचे ११० अंशांचे कूलंट झाकण उघडताक्षणी वाफ होऊन वर उसळते आणि चेहरा, गळा व हात भाजून काढते. तापलेल्या इंजिनाचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. किमान तासभर थांबावे, वरचा होज पाइप (इंजिन आणि रेडिएटरचा वरचा भाग जोडणारा रबरी नळ) हाताने दाबून पाहावा, तो मऊ आणि कोमट लागला तरच जाड कापड ठेवून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे, दाब निघून गेल्यावर मगच पूर्ण काढावे. फॅनच्या बाबतीतही तितकेच जपावे लागते, कारण अनेक गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही तो आपोआप सुरू होतो. ओढणी, सैल बाही, बांगड्या आणि मोकळे केस पात्यांपासून दूर ठेवावेत. इंजिन चालू ठेवून करायच्या चाचण्या तळघरातल्या किंवा बंदिस्त पार्किंगमध्ये करू नयेत, तेथे विषारी धूर साचतो. गाडी कंपाउंडमध्ये उघड्यावर आणावी, सपाट जागी लावावी, न्यूट्रल करून हँडब्रेक ओढावा.

रस्त्यात काटा चढला तर

निदान घरी करायचे असले, तरी गाडी घरापर्यंत शाबूत यायला हवी. पश्चिम द्रुतगती मार्गावर किंवा वाशीच्या खाडीपुलावर काटा मधल्या जागेवरून वर सरकू लागला, तर आधी एसी बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि हीटर पूर्ण गरम करून त्याचा पंखा सर्वांत वरच्या वेगावर ठेवावा. मुंबईत हीटरचे बटण वर्षानुवर्षे कोणी फिरवत नाही. पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा एक छोटा रेडिएटरच असतो, आणि घामाघूम करीत का होईना, तो इंजिनातली बरीच उष्णता बाहेर काढतो. काटा तरीही लाल पट्ट्यात गेला, लाल दिवा लागला, वाफ दिसली किंवा कूलंट गळू लागले, तर जागा मिळताच बाजूला थांबून इंजिन बंद करावे. ‘पुढच्या पंपापर्यंत नेतो’ या विचाराने ॲल्युमिनियमचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा इंजिनाचा वरचा भाग, वाकते, आणि मग दोन-तीनशे रुपयांच्या होज पाइपचे काम हेड उतरवण्यापर्यंत जाते. तापलेल्या इंजिनावर किंवा आत थंड पाणी ओतणेही तितकेच घातक आहे; अचानक आकुंचनाने हेडला तडा जाऊ शकतो.

आणखी एक लक्षण सांगून ठेवतो, कारण ते फसवे आहे. चढलेला काटा अचानक थंडच्या खुणेपर्यंत खाली पडला, तर गाडी सुधारली असे समजू नये. कूलंट इतके कमी झालेले असू शकते की सेन्सर आता द्रवात नसून कोरड्यात आहे. तेथेच थांबावे. नव्या अनेक गाड्यांत काटाच नसतो, थंड इंजिनासाठी निळा आणि तापलेल्यासाठी लाल एवढे दोनच दिवे असतात. अशा गाडीत लाल दिवा हीच पहिली आणि शेवटची सूचना मानावी.

सकाळी, थंड इंजिनावर

रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर पहिली तपासणी करावी. कूलंटच्या बाटलीवर कमाल आणि किमान अशा दोन खुणा असतात. पातळी त्यांच्या मध्ये हवी. ज्या गाड्यांत रेडिएटरला स्वतंत्र झाकण असते, तेथे बाटली पाहून थांबू नये, झाकण उघडून आत पाहावे. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असे अनेकदा आढळते, कारण गाडी थंड होताना बाटलीतले कूलंट परत ओढून घेण्याचे काम झाकणातली छोटी झडप करते आणि ती चिकटलेली असते. अशा गाडीचा वरचा होज पाइप सकाळी चपटा, आत ओढलेला दिसतो.

कूलंट कमी असेल तर ते कोठेतरी गेले आहे. नुसते भरून पुढे जाणे म्हणजे आजार तसाच ठेवणे होय. गळती शोधण्यासाठी इंजिनाखाली जुना पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र अंथरून रात्रभर ठेवावे. येथे मुंबईतल्या अनेकांचा गोंधळ होतो: आपल्या दमट हवेत एसीचे पाणी भरपूर गळते आणि उभ्या गाडीखाली डबके दिसते. ते पाणी रंगहीन आणि वासरहित असते व साधारणपणे पुढच्या सीटच्या पायांखालच्या भागातून पडते. कूलंट मात्र हिरवे, गुलाबी, निळे किंवा नारिंगी असते, बोटांना किंचित बुळबुळीत लागते आणि त्याला गोडसर वास येतो. चव घेऊन पाहू नये. त्यातले इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. कंपाउंडमधली मांजरे आणि कुत्री ते चाटतात व मरतात, म्हणून सांडलेले कूलंट पुसून ती जागा भरपूर पाण्याने धुवावी.

थेंब दिसला नाही तरी खुणा शोधाव्यात. गळती गरम भागावर असेल तर थेंब खाली येण्याआधीच सुकतो आणि मागे पांढरट किंवा हिरवट पापुद्रा उरतो. होज पाइप जेथे क्लिपने आवळलेले असतात ते सांधे, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीची शिवण आणि वॉटर पंपाच्या खालचे बारीक छिद्र या जागा टॉर्च घेऊन पाहाव्यात. पंपाचे ते छिद्र मुद्दाम ठेवलेले असते: आतले सील गेले की कूलंट तेथून पाझरते. तेथे ओघळ वाळलेला दिसला तर पंपाचे आयुष्य संपत आले आहे. पुढच्या सीटसमोरचा गालिचा ओला आणि गोड वासाचा असेल, काचेवर आतून तेलकट धुके येत असेल, तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतो आहे.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या मुंबईत असंख्य आहेत आणि त्यांच्या मालकांनी एक जागा अधिक पाहावी. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये गॅसचा दाब कमी करणाऱ्या रिड्यूसरला ऊब देण्यासाठी इंजिनाच्या कूलंटच्या नळीला फाटा काढून दोन बारीक नळ्या जोडलेल्या असतात. त्या फाट्यांच्या क्लिपा सैल होतात, नळ्या कडक पडून तडकतात आणि गळती इतकी आडोशाला होते की मेकॅनिक रेडिएटर बदलून मोकळा होतो आणि कूलंट कमी होतच राहते.

उंदरांचाही उल्लेख केला पाहिजे. आठवडाभर एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीच्या बोनेटखाली ते शिरतात आणि फॅनची किंवा सेन्सरची वायर कुरतडतात. वायरींवर दातांच्या खुणा, बॅटरीजवळ लेंड्या किंवा कापसाचे पुंजके दिसले तर पुढच्या चाचण्यांआधी सर्व वायरी डोळ्यांखालून घालाव्यात.

उभी असताना तापते, धावली की उतरते

मुंबईत सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच आहे आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: हवा पुरत नाही. म्हणजे फॅन फिरत नाही, मंद फिरतो, किंवा रेडिएटरच्या जाळीतून हवा जात नाही.

सर्वांत सोपी चाचणी एसीची. इंजिन सुरू करून एसी लावावा. बहुतेक गाड्यांत एसी लागताच काही सेकंदांत फॅन सुरू होतो. तो फिरला, तर मोटर जिवंत आहे. आता एसी बंद करून इंजिन जागेवर चालू द्यावे आणि काट्याकडे लक्ष ठेवून थांबावे. काटा नेहमीच्या जागेच्या वर जाऊ लागला तरी फॅन सुरू झाला नाही, तर दोष तापमानाच्या सेन्सरमध्ये, त्याच्या वायरीत किंवा फॅनच्या रिलेत (फॅनचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचमध्ये) आहे. सिग्नलला तापणारी गाडी एसी लावल्यावर थंड होते असा उलटा अनुभव काही जण सांगतात आणि गॅरेजवाल्याचा त्यावर विश्वास बसत नाही; पण तो अनुभव अगदी खरा असतो आणि नेमका याच दोषाकडे बोट दाखवतो.

एसी लावूनही फॅन हलला नाही, तर फ्यूज पाहावा. फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर कोणता फ्यूज कशाचा हे छापलेले असते. फ्यूज शाबूत असेल तर त्याच पेटीत त्याच क्रमांकाचा दुसरा रिले शोधून, बहुधा हॉर्नचा, त्याची फॅनच्या रिलेशी अदलाबदल करावी. फॅन फिरू लागला तर रिलेच खराब होता. तरीही फिरला नाही तर चावी बंद करून, बॅटरीची ऋण तार काढून फॅनचा कनेक्टर सोडवावा आणि माझ्या गाडीत होत्या तशा काळ्या पडलेल्या पिना, हिरवा गंज किंवा वितळलेले प्लास्टिक आहे का ते पाहावे. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत, विशेषतः वरळी, वर्सोवा किंवा मढसारख्या भागांत उघड्यावर लागणाऱ्या गाड्यांत, हा हिरवा गंज लवकर येतो. कनेक्टर स्वच्छ असेल आणि मोटरला बॅटरीचा थेट प्रवाह देऊनही ती फिरत नसेल, तर मोटर गेली. थेट प्रवाह द्यायचा तो फ्यूज असलेल्या वायरीनेच द्यावा, उघड्या वायरी लावू नयेत.

फॅन फिरतो म्हणजे पुरेसा फिरतो असे नाही. अनेक गाड्यांत त्याला दोन वेग असतात आणि त्यांतला एक देणारा रेझिस्टर जळला की एक वेग नाहीसा होतो. शिवाय मोटर दुरुस्त करताना तारा उलट जोडल्या गेल्या, तर फॅन हवा आत ओढण्याऐवजी बाहेर फेकतो. वर्तमानपत्राचे एक पान पुढच्या जाळीसमोर धरावे. फॅन चालू असताना ते आत ओढले गेले पाहिजे, दूर ढकलले जाता कामा नये.

फॅन उत्तम चालूनही उभी गाडी तापत असेल तर जाळीकडे पाहावे. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची स्वतःची जाळी, पुढे आणि रेडिएटर त्याच्या मागे असतो, आणि दोहोंमधल्या बोटभर फटीत धूळ, पिसे, पाने, किडे आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे दाबून बसतात. समोरून जाळी चकाचक दिसते, म्हणून कोणाचे तिकडे लक्ष जात नाही. हिंदमाता, किंग्ज सर्कल किंवा अंधेरीच्या सबवेतल्या साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर तर तेथे चिखलाचा थर बसतो आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात त्याचे परिणाम दिसतात. साध्या नळीने, कमी दाबाने, इंजिनच्या बाजूकडून पुढे पाणी सोडून ही फट धुवावी. सर्व्हिस सेंटरमधल्या जोरदार फवाऱ्याने जाळीची नाजूक पाती वाकतात आणि हवेची वाट कायमची अडते.

वेगात किंवा घाटात तापते, उभी असताना ठीक असते

येथे हवा भरपूर असते, म्हणजे अडचण कूलंटच्या प्रवाहात किंवा रेडिएटरच्या आत असते. गणपतीला चार माणसे, सामान आणि एसी घेऊन कोकणात निघालेली गाडी शहरात वर्षभर कधी तापली नव्हती आणि घाटात तापली, तर तिच्या रेडिएटरची क्षमता आधीपासूनच उतरलेली होती. घाटाने ती उघडी पाडली इतकेच.

सर्वांत मोठे कारण म्हणजे कूलंटऐवजी वर्षानुवर्षे भरलेले पाणी. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. भातसा-तानसाचे नळाचे पाणी त्या मानाने मृदू असले तरी तेही गंज आणते. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. कूलंटचे आपल्यासाठीचे काम गंज रोखणे, उत्कलनबिंदू वाढवणे आणि पंपाच्या सीलला जपणे हे आहे. झाकण उघडल्यावर आत विटकरी रंगाचे, गढूळ पाणी दिसले तर निदान बरेचसे झालेच.

रेडिएटर आतून बुजला आहे का हे तपासायला आता दूरून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन कमी किमतीत मिळते आणि ती घेण्यासारखी आहे. इंजिन पूर्ण तापून फॅन एकदा सुरू होऊन थांबला की गाडी बंद करून रेडिएटरच्या पृष्ठभागावर ओळीने मापे घ्यावीत. तापमान एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने उतरत गेले पाहिजे. मध्येच हाताएवढा भाग एकदम थंड लागला तर तेथल्या नळ्या बंद आहेत. मापे काळ्या रबरावर किंवा काळ्या पृष्ठभागावर घ्यावीत. चकचकीत ॲल्युमिनियमवर ही गन चुकीचा, कमी आकडा दाखवते.

याच प्रकारात पंपाचा पट्टा सैल होऊन घसरणे, पंपाची पाती झिजणे आणि खालचा होज पाइप जोराच्या ओढीने चपटा होणे ही कारणे येतात. शेवटचे तपासायला जोडीदार हवा: तापलेल्या गाडीत त्याने ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरावा आणि आपण हात न घालता खालच्या होजकडे पाहावे. तो आत ओढला जात असेल तर बदलावा.

सुरू केल्यापासून पाच-दहा मिनिटांत तापते

इतक्या लवकर रेडिएटरचा किंवा फॅनचा प्रश्नच येत नाही. एक तर कूलंट नाही, किंवा आत हवा अडकली आहे, किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, किंवा हेड गॅस्केट (हेड आणि त्याखालचे इंजिन यांमधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर) उडाले आहे. चावी फिरवताक्षणी काटा लाल पट्ट्यात गेला तर मात्र तो सेन्सरचा किंवा वायरीचा दोष आहे. थंड इंजिन क्षणात तापत नाही.

थर्मोस्टॅटचा संशय असेल तर दोन होजची तुलना करावी. काटा वर गेला आहे, वरचा होज गरम आहे आणि खालचा थंडगार आहे, तर कूलंट रेडिएटरमधून फिरत नाही. थर्मोस्टॅट काढणे बहुतेक जुन्या गाड्यांत दोन बोल्टचे काम आहे आणि काढल्यावर त्याची परीक्षा गॅसच्या शेगडीवर घेता येते. स्वयंपाकात पुन्हा वापरायचे नाही असे जुने पातेले घ्यावे, त्यात पाणी भरावे, थर्मोस्टॅट दोऱ्याने असा लोंबता सोडावा की तो तळाला टेकणार नाही, आणि शेजारी २०० अंशांपर्यंतचा थर्मामीटर धरावा; तापाचा थर्मामीटर येथे फुटेल. थर्मोस्टॅटच्या पितळी अंगावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. पाणी त्या आकड्याजवळ पोहोचले की मधली तबकडी आधी केसाएवढी फट सोडते, फटीतून बारीक बुडबुडे निसटतात, आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत ती स्प्रिंगविरुद्ध संथपणे सरकत जवळजवळ सेंटीमीटरभर उघडते. पाणी खळखळून उकळू लागले तरी ती मिटलेलीच राहिली किंवा अर्धवट उघडून अडली, तर दोष सापडला.

‘मुंबईत थर्मोस्टॅट लागतच नाही, काढून टाका’ हा सल्ला आपल्याला सर्रास मिळतो. तो मानू नये असे मला मनापासून वाटते. थर्मोस्टॅटविना इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, पेट्रोल अधिक जळते, सिलिंडर लवकर झिजतात, आणि बुजलेल्या रेडिएटरसारखा खरा दोष काही महिने झाकला जातो. फॅन ‘डायरेक्ट’ करून, म्हणजे सतत चालू राहील असा जोडून देणे हाही तसाच उपाय. रस्त्यात अडकलेली गाडी घरी आणण्यासाठी तो ठीक आहे, कायमची दुरुस्ती म्हणून नाही.

अडकलेली हवा काढण्यासाठी गाडीचे तोंड थोडे चढावर ठेवावे, हीटर पूर्ण गरम करावा, थंड इंजिनावर झाकण उघडून कूलंट भरावे आणि झाकण तसेच उघडे ठेवून इंजिन जागेवर चालवावे. बुडबुडे येत राहतील, पातळी उतरेल, तशी भर घालावी. पातळी वर चढू लागली की झाकण लावून फॅन दोनदा सुरू होऊन थांबेपर्यंत वाट पाहावी. ज्या गाडीला हवा काढण्याचा स्क्रू दिलेला आहे, तिथे मॅन्युअलमधली पद्धतच पाळावी. हीटरमधून थंड हवा येत असेल आणि काटा वर असेल तर हवा अजून आतच आहे.

हेड गॅस्केटचा संशय

बुडबुडे तासभर थांबलेच नाहीत, तर गंभीर होण्याची वेळ आली. उडालेल्या गॅस्केटमधून सिलिंडरमधला ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतो. थंड गाडी सुरू करून एका मिनिटात वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर हेच कारण असते, कारण इतक्या वेळात उष्णतेने दाब तयार होऊच शकत नाही. सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर सतत येणे, कूलंट गळती न दिसता कमी होणे आणि सकाळी सुरू करताना एका सिलिंडरचा अडखळता ठोका ही बाकीची लक्षणे.

ऑइलची पातळी पाहण्याच्या काडीवर दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर कूलंट ऑइलमध्ये मिसळले आहे. अशी गाडी सुरूही करू नये, टो करून न्यावी. परंतु पावसाळ्यात एक सावधगिरी हवी. दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली दमट हवेमुळे पिवळसर साय धरते, ती गॅस्केटची खूण नसते. निर्णय झाकणावरून नव्हे, काडीवरून घ्यावा. तसेच जुलैच्या सकाळी सायलेन्सरमधून थोडी वाफ येऊन काही मिनिटांत थांबणे हे स्वाभाविक आहे. शंका उरली तर गॅरेजमध्ये कूलंटवरच्या हवेची रासायनिक चाचणी करून घ्यावी. पेट्रोल गाडीत ज्वलनाचा वायू असेल तर निळा द्रव पिवळा होतो. ही चाचणी होईपर्यंत हेड उतरवायला परवानगी देऊ नये, आणि उतरवलेच तर नवे गॅस्केट घालण्याआधी हेडचा सपाटपणा मोजून, गरज असल्यास फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून घ्यावे.

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर जोडून मोबाइलवर कूलंटचे प्रत्यक्ष तापमान पाहता येते. काटा खरे बोलतो की नाही हे त्यावरून कळते. स्कॅनर दोषांचे कोडही दाखवतो: पी०२१७ हा कोड इंजिन अति तापल्याचा, पी०११७ आणि पी०११८ तापमानाच्या सेन्सरच्या सर्किटचे, पी०४८० फॅनच्या सर्किटचा, तर पी०१२८ इंजिन पुरेसे तापत नसल्याचा. हा शेवटचा बहुधा उघडा अडकलेला किंवा काढून टाकलेला थर्मोस्टॅट दाखवतो.

दोष काढल्यावर कूलंट मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रकारचेच भरावे. रंगावर जाऊ नये, कारण रंग हे प्रमाण नाही आणि दोन वेगळ्या प्रकारांचे मिश्रण चिकट गाळ करू शकते. तयार मिश्रण नसेल तर बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी वापरावे. मग बाटलीवर मार्करने पातळीची रेघ आणि तारीख लिहावी व आठवडाभर रोज सकाळी, गाडी हलवण्याआधी, ती पाहावी. पहिल्या दोन दिवसांत उरलेली हवा निघून पातळी थोडी उतरते, तेवढी भर घालून नवी रेघ मारावी. त्यानंतरही पातळी रेघेखाली जात राहिली आणि पुठ्ठा कोरडाच असेल, तर गॅरेजमध्ये जाऊन ‘गाडी तापते’ असे न सांगता ‘थंड इंजिनावर प्रेशर टेस्ट करा, आठवड्यात अमुक इतके कूलंट कमी झाले’ असे सांगावे आणि रेघांची ती बाटली दाखवावी.